फ्लोराइडचा बल्ब आणि पोराची दाढ

मी लॅबमध्ये काम करते, नागपुरात. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून चौदा वर्षं झाली. सकाळी सात ते साडेनऊ नुसतं रक्त काढायचं, बाकड्यावर शुगरवाले पेशंट उपाशीपोटी बसलेले असतात आणि सगळ्यांचं एकच, मॅडम लवकर घ्या न, चहा नाही झाला अजून. रक्त घ्यायच्या छोट्या नळीला आम्ही बल्ब म्हणतो. शुगरचं रक्त फ्लोराइड बल्बमध्ये घेतो, तो ग्रे बुचाचा. बुडाशी चिमूटभर पांढरी पावडर असते, उजेडाकडे धरलं तरच दिसते. जांभळं बुच ईडीटीए म्हणजे रक्त गोठू न देणारं, लाल बुच प्लेन म्हणजे फ्लोराइड नसलेलं, ग्रे म्हणजे फ्लोराइड, हे नवीन आलेल्या पोट्ट्यांना पहिल्याच दिवशी सांगतो आम्ही आणि पहिल्या महिन्यात एकदा तरी ते चुकतंच चुकतं.

मागच्या मे महिन्यात चुकलंच. होम कलेक्शनला गेलेल्या पोट्ट्याने एका काकांचं जेवणानंतरचं सॅम्पल प्लेन बल्बात घेतलं, तिथून अजून तीन घरं केली, मधे पंक्चर, आणि नागपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, स्कूटरच्या डिक्कीत तो बल्ब चार तास. मशीनवर शुगर आली ९६. काकांचे मागचे रिपोर्ट काढून पाहिले तर जेवणानंतर दीडशेच्या खाली कधी उतरलेच नव्हते. मग बुच पाहिलं. लाल. परत रक्त घ्यायला मीच गेले आणि काकांच्या शिव्या पण मीच खाल्ल्या, त्यांचं बरोबरच होतं म्हणा.

होतं असं की रक्त नळीत गेलं म्हणून त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत, त्या आत बसून साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशीच गायब होते, गरमीत जास्तच. बल्बात फ्लोराइड असला की हे खाणं बंद पडतं. आम्ही रोज हे करतो आणि यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला चौदा वर्षांत वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पोराला दाताच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. सात वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी मागे जी पहिली पक्की दाढ येते ना, दुधाचे दात न पडताच येते म्हणून आईबापाला ती दुधाचीच वाटते, त्या दाढेवर हिरडीजवळ खडूने रेघ मारल्यासारखा पांढरा डाग. डॉक्टर मॅडम म्हणाल्या भोक पडलेलं नाही अजून पण वरच्या थरातलं कॅल्शियम निघायला लागलंय, इथे थांबवता येतं. दात पुसून कोरडा केला आणि छोट्या ब्रशने पिवळट चिकट वार्निश फासलं, अर्धा मिनिटाचं काम. आज चिवडा-बिवडा काही कडक द्यायचं नाही, रात्री ब्रश पण नको, उद्या सकाळी करा. पॅकेट माझ्या हाताशीच होतं, सवयीने वाचलं. सोडियम फ्लोराइड ५ टक्के, म्हणजे फ्लोराइड २२,६०० पीपीएम, दहा लाख भागांत इतके भाग.

मी म्हटलं अरे हे तर आमच्या बल्बातलं! याने कीड मरते का मॅडम? त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही लॅबवाले, तुम्हीच सांगा, तुमच्या बल्बात पेशी मरतात का?"

मला उत्तर देता आलं नाही आणि तेच डोक्यात घेऊन घरी आले.

आपल्याकडे या प्रकरणात पहिला घोळ "कीड" या शब्दानेच घातलाय असं माझं मत आहे. गव्हाला कीड लागते, कापसाला लागते, तशी दाताला लागते, मग ती मारायची असते. मामाच्या गावाला लहानपणी मी डोळ्याने पाहिलंय, दाढ दुखली की निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायच्या, त्याची धुरी नळीने तोंडात घ्यायची, आणि मग थाळीतल्या पाण्यात बारीक पांढरं काहीतरी पडलेलं दाखवायचं, हे बघ निघाली कीड. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून पाहायचो. दाताला लागते ती कीड अशी नसतेच, एकेकटी पकडून काढता येईल अशी. ती अख्खी वस्ती असते.

ही वस्ती मी पाहिली सुद्धा. डॉक्टर मॅडमनी टोचलेलं होतंच, तर दुसऱ्या दिवशी दुपारी काम कमी होतं तेव्हा मी टूथपिकने स्वतःच्या खालच्या पुढच्या दातांमागचं खरवडलं. सकाळी नीट ब्रश केला होता बरं का, तरी पांढरट मऊ लोण्यासारखं निघालं. थेंबभर सलाइनमध्ये कालवून काचेवर घेतलं आणि आधी तसंच पाहिलं, डाय न टाकता. बाप्पा! अख्खं फील्ड वळवळत होतं, काही काड्या सरळ पळत होत्या, काही एका जागी गरगरत होत्या. मग दुसरी स्लाइड करून ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवले, आणि तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली लावली तर जांभळ्या ठिपक्यांच्या माळा, गुलाबी टोकदार काड्या, दोऱ्यासारखे लांब जंतू एकमेकांत गुंतलेले, आणि मधेमधे गालाच्या आतल्या मोठ्या चपट्या पेशी ज्यांच्यावर हे ठिपके राई पेरल्यासारखे. आमचे सर मागून आले, कोणाचं सॅम्पल आहे म्हणाले. मी सांगितलं नाही.

हॉलंडच्या लेवेनहूकने १६८३ साली हेच केलं होतं, आपल्याच दातांमधला पांढरा थर स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की यात जिवंत प्राणी हलताहेत. तो रोज मिठाने दात घासायचा, तरीही. मला जरा बरं वाटलं.

याला प्लाक म्हणतात, दगडासारखं घट्ट कीटण नंतर होतं, प्लाक म्हणजे त्याआधीचा मऊ थर. दात घासून पुसून चकचकीत केला तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा त्यावर बसतो, त्या पापुद्र्याला पहिले जंतू चिकटतात, त्यांना दुसरे. तोंडात सातशेच्या वर जातीचे जंतू सापडलेत आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी भाडेकरू. दाताच्या किडीत ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं तो स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, १९२४ मध्ये क्लार्क नावाच्या माणसाने किडलेल्या दातातून वेगळा काढला. याची खोड अशी की साखर मिळाली की तो दोन कामं करतो, एक म्हणजे तिचा चिकट डिंक बनवतो ज्यामुळे थर अजून घट्ट होतो, आणि दुसरं म्हणजे उरलेली पचवून लॅक्टिक अॅसिड सोडतो. दाताला हे अॅसिड नडतं, जंतू स्वतः दाताला चावत वगैरे नाही.

१९४० च्या दशकात स्टीफन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातावरच्या थरात पीएच मोजला. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं जास्त आंबट. दोन-पाच मिनिटांत पीएच धाडकन खाली येतो आणि मग लाळ त्याला अर्धा ते एक तास घेऊन हळूहळू वर आणते. ५.५ च्या खाली गेला की दाताचं खनिज विरघळायला लागतं. आता आपला दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्कीट, दहाला चहा, जेवण, चारला चहा, पाहुणे आले की चहा, लॅबमध्ये कंपनीचा एमआर आला की चहा. लाळ बिचारी पीएच वर आणते न आणते तोवर पुढचा कप. माझ्या सहा दाढांत सिमेंट भरलेलं आहे ते काही उगाच नाही.

आता फ्लोराइड या थरात जाऊन काय करतो ते सांगते, मला हेच भारी आवडलं.

फ्लोराइड हा आयन आहे, म्हणजे भार असलेला कण, त्याच्यावर ऋण भार, आणि जंतूची बाहेरची भिंत भारवाल्याला सहसा आत घेत नाही. थर साधारण न्यूट्रल असतो, पीएच ७ च्या जवळ, तेव्हा फ्लोराइड बाहेरच भटकत राहतो. पण जंतूने साखर खाल्ली, अॅसिड सोडलं, की बाहेर हायड्रोजन आयनांची गर्दी होते आणि त्यातला एखादा फ्लोराइडला चिकटतो, त्याचा हायड्रोजन फ्लोराइड होतो. याच्यावर भार नाही. लग्नात कसं, ओळख ना पाळख असलेला माणूस वऱ्हाडात मिसळला की मांडवात कोणी विचारत नाही, तसा हा सरळ भिंतीतून आत. आत पीएच बाहेरच्यापेक्षा जास्त असतो म्हणून तिथे ही जोडी पुन्हा फुटते, हायड्रोजन आतलं वातावरण आंबट करतो आणि फ्लोराइड कामाला लागतो. पीएच ७ ला सहा हजारांत जेमतेम एक फ्लोराइड अशा जोडीत असतो, पीएच ५ ला शंभरात दीड, म्हणजे शंभरपट. जंतू जितकं अॅसिड करेल तितकं त्याच्याच पोटात हे जास्त शिरणार. केल्याचं फळ.

आत शिरून तो ज्याला धरतो त्याचं नाव इनोलेज. साखर पचवायच्या दहा पायऱ्या आहेत, त्यातल्या नवव्या पायरीवरचा एन्झाइम, म्हणजे ती पायरी पार पाडणारं प्रथिन. आणि आमच्या ग्रे बल्बात रक्तपेशींचं साखर खाणं थांबतं ते पण याच इनोलेजला अडवल्यामुळे, तोच एन्झाइम, तीच पायरी! डीएमएलटीच्या परीक्षेत मी हे लिहिलं असणार, दोन मार्कांसाठी.

नववी पायरी अडली की त्यापुढे जे बनायचं ते बनत नाही, आणि त्यात एक पदार्थ असा आहे जो वापरून म्युटन्स बाहेरची साखर आत ओढतो. म्हणजे आतली साखर पचेना म्हणून बाहेरची घेता येईना. शिवाय आत आलेला आंबटपणा बाहेर फेकायला जंतूकडे एक पंप असतो, फ्लोराइड त्या पंपाच्या कामात पण अडथळा आणतो. जंतू मेलेला नसतो. त्याचं पोट बिघडलेलं असतं. डॉक्टर मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं, बल्बातल्या पेशी पण फ्लोराइड लागल्या लागल्या मरत नाहीत, खाणं सोडतात.

मग मी अजून एक हिशोब केला, पॅडवर, पेशंट नसताना. आमच्या बल्बात मिलीलिटर रक्ताला साधारण अडीच मिलीग्रॅम सोडियम फ्लोराइड पडतो. त्यात फ्लोराइडचा वाटा ४५ टक्के. म्हणजे झाले ११०० पीपीएमच्या आसपास. आणि घरच्या टूथपेस्टच्या ट्यूबवर काय छापलंय, १००० पीपीएम, आपल्याकडे कायद्याने त्यापेक्षा जास्त टाकताच येत नाही. म्हणजे आपण रोज सकाळी दातावर जवळपास आमचा ग्रे बल्बच फासतो.

पण इथेच माझा उत्साह जरा उतरला, कारण बल्बाला बुच असतं आणि तोंडाला नसतं. बल्बात ते ११०० तसेच राहतात. तोंडात ब्रश करताना दोन मिनिटं हजार, मग थुंकी, मग चूळ, मग लाळ, तासा-दोन तासांत लाळेतला फ्लोराइड नगण्य होतो. आणि बल्बात सुद्धा पहिला एक-दोन तास साखर थोडी उतरतेच, कारण नववी पायरी अडली तरी आधीच्या आठ पायऱ्यांवर माल चढत असतो, तो तुंबायला वेळ लागतो. आम्हाला हे माहीत असतं म्हणून फ्लोराइड बल्ब असला तरी सॅम्पल लवकर मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करा असं सांगतो. तर दोन मिनिटांच्या ब्रशने सगळे जंतू गप बसतील ही आशा फोल. त्यात जंतू पण काही भोळे नाहीत. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या ब्रेकर यांच्या लॅबने २०१२ च्या सुमारास दाखवलं की कितीतरी जंतूंमध्ये फ्लोराइड ओळखणारा स्विच असतो, आत फ्लोराइड वाढला की तो स्विच चालू होऊन फ्लोराइड बाहेर टाकणारी प्रथिनं बनायला लागतात. म्युटन्सकडे पण अशी बाहेर टाकायची सोय आहे. टूथपेस्ट यायच्या कितीतरी आधीपासून, जमिनीत-पाण्यात फ्लोराइड होताच ना.

म्हणून दंतवैद्य लोक विचारलं की हेच सांगतात, फ्लोराइडचं मुख्य काम जंतूवर नाहीच, दातावर आहे. विरघळलेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत बसताना फ्लोराइड जवळपास असला की तो त्यात बसतो आणि नवीन थर आधीपेक्षा पक्का होतो, जुना ५.५ पीएचला विरघळत होता तर हा ४.५ पर्यंत तग धरतो. जंतूंचं पोट बिघडवणं हे वरचं काम, किती उपयोगी यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. मला मात्र वाटतं दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात, कारण ब्रशनंतर फ्लोराइडचा काही भाग कॅल्शियमशी जोडी करून दातावर आणि गंमत म्हणजे प्लाकच्या थरातच साठून राहतो, लाळेपेक्षा थरात कितीतरी जास्त. आणि अॅसिड झालं की तोच साठा सुटतो. म्हणजे चोराच्याच घरात पोलीस चौकी. त्यामुळे मोठा डोस एकदा देण्यापेक्षा थोडा थोडा पण रोज आणि जास्तीत जास्त वेळ तिथे राहिला पाहिजे.

हे वाचल्यावर मी घरातल्या सगळ्या ट्यूबा गोळा केल्या, चार निघाल्या. तिघींवर फ्लोराइड लिहिलंय पण जात वेगवेगळी.

स्वस्तातल्या पांढऱ्या पेस्टवर सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट. यात घासायला खडू असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि मोकळा फ्लोराइड टाकला असता तर ट्यूबमध्येच कॅल्शियमला चिकटून बसून वाया गेला असता. म्हणून तो फॉस्फेटला घट्ट बांधून देतात. तोंडात लाळेतले आणि प्लाकमधले फॉस्फटेज एन्झाइम तो बांध तोडतात. आम्ही एलएफटीत, म्हणजे लिव्हरच्या तपासणीत, जो अल्कलाइन फॉस्फटेज रोज लावतो त्याच खानदानातले. म्हणजे दोरी सोडायला जंतू स्वतःच हातभार लावतात, घ्या.

जेलसारख्या पारदर्शक पेस्टमध्ये साधा सोडियम फ्लोराइड, कारण तिथे खडूऐवजी सिलिका असते आणि तिचं फ्लोराइडशी भांडण नाही. हा लगेच मोकळा होतो. बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या ट्यूबवर स्टॅनस फ्लोराइड. स्टॅनस म्हणजे कथील हो, लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, नवसागर टाकून पितळेच्या पातेल्यात पांढरं फिरवायचा, तेच कथील. १९५० च्या दशकात अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात यावर काम झालं आणि त्यातूनच क्रेस्ट टूथपेस्ट आली. यात फ्लोराइड आपलं काम करतोच, पण कथील स्वतः जंतूंच्या एन्झाइमांना जाऊन बसतं, म्हणून याने प्लाक आणि हिरड्यांतलं रक्त दोन्ही कमी होतात, जे साध्या सोडियम फ्लोराइडने फारसं होत नाही. चव मात्र पाच रुपयांचं नाणं चोखल्यासारखी आणि काहींचे दात थोडे तपकिरी होतात. चौथी ट्यूब सासूबाईंची आयुर्वेदिक, तिच्यावर फ्लोराइडचं नावच नव्हतं. मी काही बोलले नाही. तेव्हा.

सासूबाईंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, तोंड कोरडं पडतं, हिरड्या खाली सरकून दाढांची मुळं उघडी पडलीत आणि एका मुळाला कीड. वय ७४, ड्रिल म्हटलं की बीपी वाढतं. डॉक्टर मॅडमनी त्यांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा एक थेंब लावला. हे जपानमधून आलेलं औषध, फ्लोराइड ४४,८०० पीपीएमच्या जवळ आणि सोबत चांदी. इथे मात्र जंतू खरोखरच मरतात, आणि मारते ती चांदी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत पण घेतलंय. ड्रिल नाही, सुई नाही, पण किडलेला भाग कायमचा काळा कुळकुळीत होतो. आधी सांगितलं होतं, सही पण घेतली होती, तरी घरी येऊन आरशात पाहिल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. "जन्मात कधी गुडाखू घासला नाही मी, आणि आता पैसे देऊन दात काळा करून आणला." गुडाखू म्हणजे तंबाखूची काळी पेस्ट, बायका बोटाने दातांना घासतात ती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागची दाढ आहे, हसताना दिसत नाही, एवढंच म्हणू शकले.

व्हॉट्सअॅपवर फ्लोराइड विष आहे, उंदीर मारायला वापरतात असा मेसेज फिरतो, मला तीनदा आलाय. खोटं नाही ते. आमच्या केमिकलच्या कपाटात सोडियम फ्लोराइडच्या बाटलीवर कवटीचं चित्र आहे. आणि जास्त फ्लोराइड काय करतो ते मला व्हॉट्सअॅपने सांगायची गरज नाही, माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे. तिथल्या कितीतरी विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १.५ पीपीएमच्या वर आहे, खडकातूनच येतो. मामाच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत, त्याच्या तिन्ही पोरांच्या पण. मामीचे दात मात्र पांढरे, कारण ती लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आली, तीस वर्षं तेच पाणी पिते पण दातावर पट्टा नाही. दात हिरडीच्या आत बनत असतात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, तेव्हाच हे पट्टे पडतात. नंतर पडत नाहीत. गुडघ्यांचं तसं नाही, मामीचे गुडघे मामासारखेच आखडलेले. आता गावात नळाचं पाणी आहे आणि जुन्या हातपंपाला लाल रंग मारलाय. पाण्यातला फ्लोराइड चुना आणि तुरटीने काढायची नालगोंडा पद्धत आमच्या नागपूरच्या नीरीने, म्हणजे पर्यावरण संशोधन संस्थेने, काढली. नाव तेलंगणाच्या गावाचं, काम नागपूरचं, हे मी कोणालाही सांगते.

आणि अख्खी फ्लोराइडची गोष्ट सुरू झाली ती अशाच दातांवरून. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅकके नावाचा नवा दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला तर तिथल्या लोकांचे दात मामासारखे. बाहेरून मोठं होऊन आलेल्यांचे नाही. आणि हे डागाळलेले दात फारसे किडत नव्हते. पाण्यात काय आहे ते सापडायला १९३१ उजाडलं. मग उलटा विचार झाला की डाग पडणार नाहीत इतका कमी फ्लोराइड ठेवला तर, आणि १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात १ पीपीएम टाकायला सुरुवात झाली. मामाला मी हे सांगितलं तर म्हणाला, मग आमच्या गावाला पण काहीतरी बक्षीस पाहिजे होतं.

म्हणून लहान पोरांच्या ब्रशवर जाहिरातीतल्यासारखी नागमोडी पेस्ट मी काढत नाही. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅमला एक मिलीग्रॅम फ्लोराइड, आणि पोरं गिळतात. तीनच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावर सहापर्यंत वाटाण्याएवढी, एवढी पुरते.

सगळ्यात मोठं भांडण आमच्या घरी झालं ते चुळेवरून. डॉक्टर मॅडम म्हणाल्या ब्रश झाला की फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही, कारण खळखळून चूळ भरली की जो फ्लोराइड थरात मुरायला हवा तो सगळा बेसिनमध्ये. मला ते लगेच पटलं, चौदा वर्षं मीच लोकांना सांगतेय बल्ब नीट हलवा, पावडर रक्तात मिसळू द्या. पण घरी सांगितलं तर गहजब. सासूबाई म्हणाल्या, तोंड खळखळलं नाही तर ते तोंड धुतलं कसं, देवाला नमस्कार कोणत्या तोंडाने करू. आणि त्या खरकट्या फेसावर चहा प्यायचा का? हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मग तह झाला, सकाळी ज्याला जसं करायचं तसं करा, रात्री झोपताना चूळ नाही. रात्री तशी पण लाळ कमी सुटते, खाणं नसतं, फ्लोराइड निवांत राहतो. पोराला हे फार आवडलं कारण एक काम कमी झालं.

तीन महिन्यांनी पोराची दाढ दाखवली. डाग आहे तसाच आहे, मोठा झाला नाही, आणि आधी खडूसारखा कोरडा दिसायचा तो आता जरा चमकतो. मॅडमनी परत वार्निश फासलं.

सासूबाई रात्री अजून चूळ भरतातच, चांगली तीनदा, नळाचा आवाज मला आत ऐकू येतो. पण परवा मी पाणी प्यायला उठले तर बेसिनपाशी उभ्या, चूळ भरून झालेली, पोराची फ्लोराइडवाली ट्यूब उघडलेली, बोटावर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन त्या काळ्या दाढेच्या मुळाशी हळूहळू घासताहेत. मला पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहतेस काय, गुडाखूवालीच झाले शेवटी."